काचेवर काढलेले डोंगर

नाना घरातही स्टँडवर बोलल्यासारखेच बोलत. धुळ्याच्या एस.टी. स्टँडवर ते वाहतूक नियंत्रक होते, आणि काचेच्या खिडकीआड बसून लाउडस्पीकरवर गाड्या पुकारण्यात त्यांची उमेदीची सगळी वर्षं गेली. जेवायला बसले की विचारत, "भाकरी कुठवर आली?" आणि आई तव्यावरून नजर न काढता सांगे, "निघाली." आमचं घर स्टँडच्या मागच्याच गल्लीत. वारा आमच्या बाजूचा असला की नानांचा आवाज खिडकीतून आत येई आणि आईचा सगळा कारभार त्यावर चाले. साक्रीची गाडी पुकारली की डाळ शिजत टाकायची, पारोळामार्गे जळगाव पुकारली की हंडे नळाखाली लावायचे. आता स्टँडवर यंत्रातली कुणी बाई गोड आवाजात गाड्या पुकारते तेव्हा मला उगाच राग येतो. गाडी कुठे जाते हे त्या बाईला ठाऊकच नसतं. नानांना प्रत्येक थांबा तोंडपाठ होता, आणि थांब्यांच्या बाबतीत ते कुणाचंही ऐकून घेत नसत.

घरात आम्ही चौघं: नाना, आई, मी आणि अक्का. अक्का म्हणजे नानांची मोठी बहीण, पारोळ्याला दिलेली. नवरा गेल्यावर ती आमच्याकडे आली ती कायमचीच. तिच्या तोंडात अहिराणीशिवाय दुसरी भाषा नव्हती आणि आवाजाला खालची पट्टी नव्हती. उन्हाळा लागला की गच्ची तिच्या ताब्यात. भल्या सकाळी ज्वारीच्या बिबड्यांचा, म्हणजे मोठाल्या पापडांचा, घाटा रटरटायला लागायचा, मोठ्या पातेल्यात लाकडी घोटणं फिरवल्याचा घुमका आवाज गल्लीभर जायचा, आणि मग ओल्या फडक्यांवर हाताने थापत थापत बिबडे घालायचे. एका जाडीचा, एका गोलाईचा बिबडा घालायला अक्काचा हात पाहिजे. गल्लीतल्या आम्हा मुलींचे बिबडे मधे जाड आणि कडेला विरलेले व्हायचे आणि तिच्या शिव्या खायच्या. उरलेला गरम घाटा वाटीत घेऊन त्यावर कच्चं तेल ओतून खाल्ला की त्या शिव्या विसरता यायच्या. तसा घाटा मला पुढे कुणालाच जमलेला दिसला नाही, मला तर नाहीच नाही.

मी चित्रं काढायची ती जुन्या वेळापत्रकांच्या पाठीवर. नाना रद्द झालेली वेळापत्रकं गुंडाळून आणत. कागद जाड, पाठकोरा आणि फुकट. एलिमेंटरी झाली, इंटरमीजिएटला ए ग्रेड आली, शाळेच्या ड्रॉइंगच्या बाईंनी घरी येऊन सांगितलं, की हिला चित्रकलेच्या कॉलेजात घाला. नानांनी बाईंना चहा पाजला, रिक्षापर्यंत पोचवलं आणि मला सायन्सला घातलं. बारावी झाल्यावर बी.एस्सी.ला विषय निवडायची वेळ आली तेव्हा मी जिऑलॉजी घेतलं, कारण त्यात आकृत्या जास्त होत्या. वर्गात मी एकटी मुलगी. दगडांचे तुकडे समोर ठेवून बाकीची मुलं गुणधर्म पाठ करत, मी त्यांच्यावरची चमक कशी काढायची याचा विचार करत बसे. जिऑलॉजीचे खैरनार सर एकदा माझी वही उघडून बराच वेळ उभे राहिले. मला वाटलं, आता बोलणी बसणार. ते म्हणाले, "सावली छान काढतेस. पण हा दगड आहे, आंबा नाही. जे दिसतं ते काढ, चित्र काढू नकोस." हे वाक्य मी पुढे त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं की झोपेतही पाठ म्हटलं असतं.

सर फैजपूरकडचे. केळीच्या बागांतला माणूस आमच्या उघड्याबोडक्या डोंगरांत येऊन पडला होता आणि त्या डोंगरांच्या पार प्रेमात होता. खिशाला तीन रंगांची पेनं, कमरेला हातोडी, डोक्यावर साहेबी टोपी. विभागाला पैसा नव्हता, प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शक एकच आणि त्याचं भिंग सटकलेलं. त्या वर्षी सरांना कॉलेजच्या ग्रंथालयात, फेकून द्यायच्या पुस्तकांच्या ढिगात, इंग्रजांच्या काळातल्या भूगर्भ पाहणीचं एक जाडजूड पुस्तक सापडलं. त्यात एक घडीचं चित्र होतं, रंगवलेलं. डावीकडे पायऱ्यापायऱ्यांचा सपाट माथ्याचा डोंगर; मधून धावत गेलेली काळ्या दगडाची लांबलचक भिंत, जिला सर डाइक म्हणत; उजवीकडे खिंड आणि दोन टोकदार टेकड्या. समोर ओढा, चार शिंदीची झाडं, आणि भिंतीच्या पायथ्याशी डोक्यावर घागर घेतलेली एक बाई. खाली इंग्रजीत एवढंच, की खानदेशातील देखावा. गाव नाही, दिशा नाही. तेव्हा पाहणीच्या साहेबांना कॅमेरे मिळत नसत म्हणे, म्हणून त्यांना दगड ओळखण्याबरोबर चित्रकलाही शिकावी लागे. हातोडीच्या थैलीतच रंगाची पेटी असे. हे सरांनी सांगितलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. जगात असंही एक काम होतं तर! मला सायन्स आणि चित्र यांतलं एक निवडायला लावणाऱ्या सगळ्यांच्या नाकावर टिच्चून, पगार घेऊन, हत्तीवर बसून कुणीतरी दोन्ही केलं होतं.

सरांचा बेत असा, की साहेब जिथे बसला ती नेमकी जागा शोधायची, तिथेच बसून आज दिसणारा देखावा तितकाच बारीक काढायचा आणि दोन चित्रं शेजारी शेजारी छापायची. शंभराहून जास्त वर्षांत ओढ्याने किती कापलं, कडा किती ढासळला, हे एका नजरेत कळलं असतं. जूनच्या सुरुवातीला कॉलेजात परिसंवाद होता, बाहेरगावचे मोठे लोक येणार होते, त्यासाठी पुस्तिका छापायची होती. फोटो का नको, असं मी विचारलं. "फोटोत सगळंच सारखं येतं," सर म्हणाले. "हातात निवड असते. त्या साहेबाच्या हाताशी आपला हात लावून बघायचाय." आणि हात म्हणजे माझा.

घरून परवानगी मिळवायला सर आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दिवशी आले. आखाजीला आमच्याकडे घरात माणूस मावत नाही. माहेरी आलेल्या लेकीबाळी, अंगणातल्या झोक्यांचा करकर आवाज, गाणी, आणि मागच्या पडवीत खापरावर मांडे टाकत बसलेली अक्का. मांडा दोन्ही हातांवर खेळवत ती कोपरापर्यंत नेई आणि उलट्या खापरावर अलगद सोडी, तेव्हा सर बोलायचं विसरून बघत राहिले. आमरसात मांडा बुडवून दोन झाल्यावर त्यांनी टॉवेलात गुंडाळलेलं पुस्तक काढलं. नानांनी हात धुऊन, पुसून, मगच चित्राला हात लावला. "हे कोणत्या रस्त्याला आलं?" हा त्यांचा पहिला प्रश्न. सर म्हणाले, तेच शोधायचंय. मग मी धीर केला. चित्रकलेच्या कॉलेजचा फॉर्म मी मागवून घेतला होता, तो नानांच्या पुढ्यात ठेवला. मांडे थंड झाले. आईने पदर तोंडाला लावला. नाना फॉर्म दोनदा वाचून म्हणाले, "सर, हिचं चित्र तुमच्या पुस्तिकेत छापून येईल? हिच्या नावानिशी?" सर म्हणाले, "जागा सापडली तर नक्की." नाना माझ्याकडे वळले. "नावानिशी छापून आलं, तर मी सही करीन. नाही आलं, तर बी.एस्सी. पुरं करायचं आणि पुन्हा हा विषय काढायचा नाही." मग त्यांनी अक्काला हाक मारली आणि सांगितलं, की पोरगी एकटी डोंगरात जाणार नाही, तू सोबत जायचं. अक्का खापरावरून ओरडली, "नि मना बिबडा कोन घाली?"

तर असे आम्ही तिघं निघालो. पहाटेची साक्रीची गाडी, नाना स्वतः खिडकीतून हात करत. मग कुठल्यातरी फाट्यावर उतरून पायपीट. सर पुढे, मी मधे, मागून डोक्यावर फडकं टाकलेली अक्का, हातात कळण्याच्या भाकरी आणि ठेचा बांधलेलं गाठोडं. जागा शोधायची सरांची युक्ती अशी: त्यांनी स्वतःच्या पदवीच्या फ्रेमची काच काढली होती आणि त्या काचेवर, जुन्या चित्रातली डोंगरांची कड काळ्या शाईने उतरवून घेतली होती. काचेला दोरा बांधलेला, त्याचं दुसरं टोक दातांत धरायचं, म्हणजे काच डोळ्यापासून दर वेळी सारख्याच अंतरावर राहते. मग एक डोळा मिटून काचेतून समोर बघायचं आणि पुढे-मागे, डावी-उजवीकडे सरकत राहायचं, काचेवरची रेघ खऱ्या डोंगरांवर बरोबर बसेपर्यंत. मला ही युक्ती फार आवडली होती. पहिल्या दिवशी अक्काने ती बघितली आणि कपाळावर हात मारला. "दोरा दातमा धरीसन डोंगर वढी ऱ्हायनी का तू?"

डोंगर काही ओढला जात नव्हता. डावीकडचा पायऱ्यांचा डोंगर आम्हाला लवकरच सापडला, आणि ती काळी भिंतही. शेतांमधून उठून ती सरळ धावत गेली होती, कुणी गवंड्याने रचावी तशी. गावातले लोक तिला नुसतं भीत म्हणत आणि तिच्या सावलीला गुरं बांधत. काचेवरचा डावा डोंगर खऱ्या डोंगरावर इतका चपखल बसला की सर लहान मुलासारखे उड्या मारायला लागले. पण उजवीकडे खिंड नव्हती. टोकदार टेकड्या नव्हत्या. नुसतं आभाळ होतं आणि दूरवर एक सपाट माळ. सर म्हणाले, आपण थोडे चुकीच्या जागी आहोत, मागे सरका. मागे सरकलो तर डावा डोंगर काचेवरून सुटला. पुढे गेलो तर भिंत सुटली. दोरा लांब केला, आखूड केला. सकाळी गेलो, दुपारी थांबलो. उन्हाने काच इतकी तापायची की पदरात धरावी लागे. लोक जमायचे. काच, हातोडी आणि टोपी बघून त्यांना वेगळीच धास्ती. "धरन बांधनार शेत का आठे?" एक शेतकरी रोज विचारायचा. "आमनं वावर जाई का?" सरांनी त्याला समजावलं, की आम्ही एका जुन्या चित्राची जागा शोधतोय. त्या माणसाचा यावर काडीचा विश्वास बसला नाही. आता वाटतं, माझाही बसायला नको होता.

मला ती गोष्ट पहिल्याच आठवड्यात दिसली होती. जुन्या चित्रात डाव्या डोंगराची डावी अंगं उजळलेली होती, सावली उजवीकडे. उजवीकडच्या टेकड्यांची मात्र उजवी अंगं उजळलेली, सावली डावीकडे. म्हणजे सावल्या दोन्ही बाजूंनी चित्राच्या मध्यावर येऊन पडत होत्या. सूर्य तर एकच असतो. मी सरांना म्हटलं, "सर, डावीकडे सकाळ आहे आणि उजवीकडे संध्याकाळ." सर म्हणाले, हे रंग साहेबाच्या देशात बसलेल्या कारागिरांनी भरलेले आहेत, त्यांनी कुठे खानदेश बघितलाय, ते सावलीत चुकणारच. हे मला पटलंही. मग ती घागरवाली बाई. सरांनी अक्काला विनंती केली, की भिंतीला लागून उभ्या राहा, मापाला. अक्का उभी राहिली, कमरेवर हात ठेवून. भिंत तिच्या जेमतेम तिप्पट. पुस्तकात मात्र भिंत त्या बाईच्या दहापट तरी होती. मी पुस्तक अक्काला दाखवलं. "वं माय! कितली धाकली शे हाई बाई! इतली बाई त मना कंबरलेबी लागाव नही." सरांनी शांतपणे सांगितलं, "झीज झाली. भिंत झिजली." त्यांच्याकडे प्रत्येक गोष्टीला हेच उत्तर होतं. खिंड नाही? झीज. ओढा दुसरीकडेच वाहतो? झीज. मी एकदा चिडून म्हटलं, "सर, मग समोर शिंदीची झाडं अजून उभी आहेत, ती तेवढी कशी झिजली नाहीत?" त्यावर ते दोन दिवस माझ्याशी नीट बोलले नाहीत.

घरी आई वेगळी वैतागलेली. गच्चीवर बिबडे घालायला हात नाही, पोरगी काळीठिक्कर पडली, अक्काचे पाय सुजले. मी संध्याकाळी येऊन हातपाय धुवत असे तेव्हा लाउडस्पीकरवरून नानांचा आवाज येत असे आणि मला त्या आवाजाची, त्या सगळ्या गाड्यांची चीड यायची. मे संपत आला होता. फॉर्म देव्हाऱ्याच्या फळीवर होता, त्यावर हळदीचं बोट उमटलेलं. त्या फॉर्मवर सही होणं किंवा न होणं एका साहेबाच्या बुडाखालच्या जागेवर अवलंबून होतं, आणि साहेब कधीच मरून गेला होता.

मग एकदा परतताना आम्ही भलत्याच गाडीत बसलो. साक्रीची सुटली म्हणून सरांनी दुसऱ्या रस्त्याची, लांबून फिरून धुळ्याला येणारी गाडी धरली. सूर्य कलला होता. अक्का खिडकीला डोकं टेकून घोरत होती. आणि एका वळणावर मला त्या दोन टोकदार टेकड्या दिसल्या, मधली खिंड दिसली, उजवी अंगं उन्हाने पिवळी झालेली. मी ओरडले. कंडक्टरने घंटी मारली. आम्ही उतरलो, मी दोरा दातांत धरला आणि काच डोळ्यासमोर आणली. उजवी बाजू रेघेवर बसली. केसाचाही फरक नाही. डावीकडे त्या वेळी काय होतं? एक ज्वारीचं रिकामं शेत आणि विजेचा खांब. सकाळच्या डोंगरापासून ही जागा बैलगाडीने अर्ध्या दिवसाची. मला सगळं चित्र उलगडलं. साहेबाचा मुक्काम सकाळी तिकडे होता, संध्याकाळी इकडे. तिकडे अर्धा कागद भरला, उजवीकडे माळ होता, बघायला काही नाही. उरलेला अर्धा त्याने मोकळा ठेवला आणि इकडच्या टेकड्यांनी भरला. मधला सांधा दिसू नये म्हणून काळी भिंत ताणून नेली. भव्य वाटावं म्हणून बाई लहान केली. चित्रकार होता बिचारा. मी असते तर मीही कदाचित तेच केलं असतं. मला हसू आलं, रडू आलं, आणि वाटलं, सर आता मला उचलून घेणार.

सर टोपी काढून रस्त्याच्या कडेला बसले. मग म्हणाले, "म्हणजे साहेब खोटं बोलला असं तुला म्हणायचंय?" मी म्हटलं, खोटं नाही सर, जोडलं त्याने. हे जास्तच भारी आहे, आपण दोन्ही जागा शोधल्या, आपण हेच छापू. सर म्हणाले, छापखान्यात मजकूर गेलाय. त्यात लिहिलंय, की जागा सापडली. परिसंवादाला कोण कोण येतंय तुला माहीत नाही. त्यांच्या आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता, आणि त्याचाच मला जास्त संताप आला. शेवटी ते म्हणाले, "तू एक काम कर. भिंतीपाशी बस आणि पुस्तकात आहे तसाच पूर्ण देखावा काढ. आजचा म्हणून. उजवीकडे त्या टेकड्या घे. डोळ्यांनी थोडं जुळवून घे. तू चित्रकार आहेस ना?"

वर्षभर मला सांगत आले, की चित्र काढू नकोस, जे दिसतं ते काढ. आणि आता हे. हे मी त्यांना तोंडावर बोलून दाखवलं. अक्का एकदम जागी झाल्यासारखी म्हणाली, "नको वं पोरी, सरले आसं नही बोलो." सरांनी टोपी परत डोक्यावर घातली आणि आम्ही शेवटची गाडी धरून घरी आलो. आज त्यांची बाजू मला कळते. एका भिंगाशिवायच्या सूक्ष्मदर्शकावर आयुष्य काढलेल्या माणसाला आयुष्यात एकदाच काहीतरी सापडलं होतं. कळते, पण राग गेलेला नाही, आणि तो जावा असा मी कधी प्रयत्नही केला नाही.

मी भिंतीपाशी बसले. हो, बसले, मला फॉर्मवर सही हवी होती. सकाळी डावा डोंगर झाला, आणि तो असा झाला की तसा मला पुन्हा कधी काढता आला नाही. पायऱ्या, पायऱ्यांमधल्या लाल मातीच्या पट्ट्या, कड्यावरचं एकुलतं एक झुडूप. मग भिंत घ्यायची होती. जुन्या चित्राशी जुळायचं तर ती दहापट उंच हवी. अक्का नेहमीच्या जागी जाऊन उभी राहिली होती, उन्हात, कमरेवर हात ठेवून. कुणी सांगितलं नव्हतं, तिला ती आता तिची जागाच वाटायची. "मी आठे उभी ऱ्हास. काढ तू बेगीबेगी, पाय भाजी ऱ्हायनात मना." मी पेन्सिल लावली. भिंत उंच करायची म्हणजे अक्काला बोटाएवढी करावी लागत होती. मी तशी काढलीही. आणि बघितलं तर ती बोटाएवढी अक्का, सुजलेल्या पायांची, मोठ्या आवाजाची, कुणीतरी घागरवाली होऊन बसली होती. मी ती खोडली. अक्का अक्काएवढी काढली. त्याबरोबर भिंत तिच्या तिप्पट झाली, डोंगर तिच्या मागे पुन्हा उंच दिसायला लागला, आणि भिंत जिथे जमिनीत शिरत होती तिथेच मी ती संपवली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दुसऱ्या रस्त्याला जाऊन त्याच कागदाच्या उजव्या कडेला टेकड्या आणि खिंड काढली. मधला कागद, हाताच्या पंज्याएवढा, कोरा ठेवला. खाली दोन्ही रस्त्यांची नावं लिहिली.

सरांनी ते चित्र दोन्ही हातांनी धरून बघितलं, खूप वेळ. म्हणाले, "हे फार चांगलं आहे." आणि छापलं नाही. पुस्तिकेत आलं ते कुणीतरी पुस्तकातल्या चित्रावरून उतरवलेलं, त्यात विजेचा एक खांब घुसवलेला, आजचं वाटावं म्हणून. खाली माझं नाव नव्हतं. अक्काने पुस्तिका उलटसुलट करून बघितली. "हाई कोन बाई? माले त भीतजोडे उभं करेल व्हतं." मी तिला काय सांगणार. नानांनी चष्मा लावून पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत माझं नाव शोधलं, परत एकदा शोधलं, आणि पुस्तिका मिटून म्हणाले, "छापून आलं नाही." मी त्यांना सगळं सांगितलं, सकाळ, संध्याकाळ, दोन रस्ते, माझं चित्र समोर पसरलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. चित्रावर बोट फिरवत म्हणाले, "बरोबर आहे. हे दोन वेगळे थांबे आहेत. एका जागेवरून दिसणार कसे?" त्यांना एका वाक्यात कळलं होतं. पण सही त्यांनी केली नाही. छापून आलं तर, असं पुकारलं होतं, छापून आलं नव्हतं. फॉर्मवरची हळद तशीच राहिली आणि शेवटची तारीख येऊन गेली. इतकं नेमकं समजणाऱ्या माणसाला आपल्या मुलीसाठी एक सही का करता आली नाही, हे मला तेव्हा समजलं नाही आणि आज त्यांच्या वयाची झाले तरी समजलेलं नाही. मी बी.एस्सी. पुरं केलं, पुढे जिऑलॉजीच शिकवलं, जळगावला, पोरांना डोंगर काढायला लावले. त्या सगळ्या वर्षांत तो राग कुठेतरी बसून होता.

चित्र मात्र त्याच वर्षी घरातून नाहीसं झालं होतं. मी विचारलं नाही, चिडून होते. एक दिवस नाना डबा विसरून गेले म्हणून आईने मला स्टँडवर पाठवलं. नियंत्रकाच्या खोलीत, माइकच्या वर, वेळापत्रकाच्या शेजारी माझं चित्र लावलेलं होतं. फ्रेम नव्हती, चार कोपऱ्यांना चार खिळे. खिडकीशी पागोटं बांधलेला एक म्हातारा उभा होता, त्याला ते चित्र दिसत होतं. "भाऊ," त्याने विचारलं, "हाई कोठलं शे? आठे कोनती गाडी जास?" नाना चष्मा वर सरकवून खुर्चीतून उठले आणि त्यांनी चित्रावर बोट ठेवलं. "हा डोंगर साक्रीच्या रस्त्याला, सकाळची गाडी. ह्या टेकड्या दुसऱ्या रस्त्याला, तिकडे संध्याकाळची." म्हाताऱ्याने मधल्या कोऱ्या कागदाकडे बघितलं. "नि मधमा?"

"मधे थेट गाडी नाही," नाना म्हणाले. "उतरायचं, थांबायचं, दुसरी धरायची."

मी डबा टेबलावर ठेवला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे, आणि त्यांनी माइक ओढून पारोळामार्गे जळगावला जाणारी गाडी पुकारली.